धंतोलीचं किराणा दुकान आणि परदेशी म्हणवणारं सामान



आमच्या गटातली एक ताई नागपूरला धंतोलीत दोन घरी स्वयंपाक करते. मागच्या हिवाळ्यात तिथल्या मॅडमनं तिच्या हाती एक यादी दिली. पाहुण्यांसाठी थायलंडचा रस्सा करायचा होता. यादीत होतं लेमनग्रास, गलांगल, चिंच, शेंगदाणे, नारळाचं दूध आणि बारीक तिखट मिरची. ताई घाबरली. म्हणाली, "नावंच वाचता येत नाहीत, सामान कुठून आणू?" आम्ही दोघी बँकेच्या कामानं नागपुरात होतोच. तिच्यासोबत गेलो.

गल्लीतलं लहानसं किराणा दुकान. दुकानदार भाऊंनी यादी वाचली आणि हसले. "ताई, हे तर तुमच्या गावातच भेटते नं!" त्यांनी लेमनग्रासची जुडी काढली. पाहतो तर काय, आपला गवती चहा! आपण त्याची पात चहात टाकतो अन् खालचा पांढरा बुडखा फेकून देतो. थायलंडच्या स्वयंपाकात तोच बुडखा ठेचून घालतात. आपण फेकतो ते चार बुडखे इथं चाळीस रुपयांना होते.

गलांगल म्हणजे आपलं कुलंजन, आल्याच्या कुळातलं. गळा बसला की आजी तोंडात धरायला सांगायची, तेच. वाळलेलं कुलंजन काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं.

घरी येताना बसमध्ये आमच्यात वाद झाला. मिरची मूळची कोणाची? आपली की त्यांची? नंतर पुस्तकं पाहिली, तेव्हा कळलं की दोघांचीही नाही. मिरची अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, तेव्हा आपल्या देशात मिरची नव्हती. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का हे बंदर. तिथून त्यांचा वकील थायलंडच्या राजाकडे, अयुथ्येला गेला. अशा व्यापाराच्या वाटांनी मिरची इकडेही पसरली, तिकडेही. शेंगदाणा, पपई, पेरू हेही त्याच अमेरिकेतून आलेले.

त्याआधी तिखट कशानं करायचे? मिरे, पिंपळी आणि आल्यानं. भाषेत त्याची खूण अजून आहे. आपण 'मिरे' शब्दावरून 'मिरची' केली. थाई लोकांनीही तेच केलं. त्यांच्याकडे मिरचीला 'फ्रिक' म्हणतात आणि काळ्या मिऱ्याला 'फ्रिक थाई', म्हणजे थायलंडचं मूळचं तिखट. पेरूला तर ते 'फरांग' म्हणतात. आपला 'फिरंगी' शब्द त्याच घराण्यातला!

देवाणघेवाण एकाच बाजूनं झाली नाही. थायलंडमध्ये 'मस्समन' नावाचा रस्सा आहे. त्यात दालचिनी, वेलची, लवंग असा आपल्या गरम मसाल्यासारखा मसाला पडतो. नावात 'मुसलमान' हा शब्द दडला आहे, असं जाणकार सांगतात. समुद्रापार व्यापार करणाऱ्यांबरोबर मसाल्याची रीत तिकडे गेली. आणि चिंच? ती मूळची आफ्रिकेची, पण आपल्याकडे इतकी जुनी की अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटलं.

सख्यांनो, सावजीचा रस्सा आपल्या नागपूरची ओळख. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तरी या मातीत मिरचीचं वय जास्तीत जास्त पाचशे वर्षं. बाहेरून आलेलं बी कोण्या तरी बाईनं परसात लावलं, वाळवलं, कुटलं, लेकीला शिकवलं, तेव्हा ते आपलं झालं. त्या बायांची नावं पुस्तकात नाहीत.

म्हणून 'गावठी' हा शब्द आता आम्हाला खटकतो. परसातला गवती चहा गावठी, आणि तोच दुकानात लेमनग्रास!

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच दुकानात दहा जुड्या नेल्या. भाऊंनी सहा ठेवल्या, चार परत केल्या. त्या सुकल्या होत्या अन् बुडाला माती होती. ते म्हणाले, "धुऊन आणा, सारख्या कापा, अन् दर आठवड्याला आणा. एकदा आणून गायब झाल्या तर गिऱ्हाईक तुटते." बोलणं लागलं, पण खरं होतं. आता दोघी जणी आदल्या संध्याकाळी कापतात, ओल्या फडक्यात गुंडाळतात, पहाटेच्या बसनं जुड्या जातात. पैसा थोडाच आहे. पण ती स्वयंपाकवाली ताई आता यादी हातात आली की घाबरत नाही. आधी विचारते, "याला आपल्याकडे काय म्हणतात?"

तुमच्या परसात काय उगवतं, त्याची यादी गटाच्या पुढच्या बैठकीत करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला जवळ बसवून करा. तिला जास्त नावं माहीत असतात.