निद्रेंतील श्वासरोध आणि पुरुषांचें मौन



नव्या मुंबईच्या एपीएमसी मार्केटांत भाजीचा व्यवहार पहाटेपूर्वींच सुरू होतो. दूरवरून आलेल्या मालमोटारी रिकाम्या होतात, आणि चालक मिळेल तेथें अंग टाकतात. त्यांतला एखादा मोठ्यानें घोरूं लागला, कीं सोबती म्हणतात, "काय गाढ झोप लागली आहे!" ही समजूत कशी ढांसळली, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं झोपलेल्या रुग्णांच्या श्वासाची नोंद घेतली. तेव्हां दिसून आलें कीं, घसा मिटून श्वास वारंवार थांबतो, रक्तांतील प्राणवायु घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. सकाळीं रुग्णाला यांतलें कांहींच आठवत नाहीं. पुढील दशकांत अमेरिकेंतील गिलमिनो प्रभृतींच्या रुग्णांपैकीं अनेकांनीं लैंगिक दुर्बलतेचीहि तक्रार सांगितली. कारण उघड आहे. पौरुषाचा अंतःस्राव मुख्यतः निद्रेंत वाढतो, आणि प्राणवायूच्या वारंवार तुटवड्यानें रक्तवाहिन्यांचें अस्तर बिघडतें. लठ्ठपणा या दोन्ही व्याधींना पोसतो.

परंतु ही तक्रार वैद्यापुढें मांडणार कोण? र. धों. कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड टळला नाहीं. शंका विचारणारे पुष्कळ होते. उत्तर देणें मात्र गुन्हा ठरला. त्या संकोचावरच आजहि भिंतींवरच्या जाहिराती आणि बिननांवाच्या पुड्या पोसल्या जातात.

उपचाराची कथाहि उद्बोधक आहे. पूर्वीं गंभीर रुग्णाच्या श्वासनलिकेस छेद देत. १९८१ सालीं सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावरील मुखवट्यांतून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवला. या 'सीपॅप' यंत्रानें झोप सुधारते, आणि बऱ्याच पुरुषांची लैंगिक तक्रारहि कमी होते. मात्र सर्वांनाच गुण येतो असें नाहीं. केवळ यंत्रानें अंतःस्राव फारसा वाढत नाहीं, त्यासाठीं वजन उतरविणें अधिक उपयोगी पडतें.

हा विकार परदेशापुरता आहे, असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत सामान्य तपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची डॉ. झरीर उडवाडिया यांनीं पाहणी केली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत १९.५ टक्के पुरुषांत निद्राश्वासाचा दोष आढळला. त्या दोषासह दिवसा झोंप अनावर होणारे ७.५ टक्के होते. ज्याच्या हातीं रात्रीं मालमोटारीचें चक्र आहे, त्याला ही पेंग प्राणघातक ठरूं शकते.

घोरणें आणि मध्येंच थांबणारा श्वास यांची पहिली साक्षीदार बहुधा पत्नी असते. तिचें म्हणणें थट्टेवारी न नेतां डॉक्टरांच्या कानीं घालावें, आणि त्याच भेटींत आपली दुसरी तक्रारहि निःसंकोच सांगावी. एका तक्रारीचें मूळ दुसरींत सांपडण्याचा संभव आहे.