डोक्यावरची कोर

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भाषाशास्त्राशी माझा संबंध 'अक्षरी रुपये' लिहिण्यापुरता. पण ज्या शब्दाचं मीठ माणूस वीस वर्षं खातो, त्याची थोडी चौकशी करायला नको? तो शब्द म्हणजे 'बँक'. आमच्या पाटीवर तो दोनदा आहे. मराठीत 'बँक', हिंदीत 'बैंक'. इमारत एक, तिजोरी एक, साहेबही एकच. पण मराठी बँकेच्या डोक्यावर चंद्रकोर आणि हिंदीच्या डोक्यावर दोन मात्रा!

तुम्ही म्हणाल, हा हिंदीवाल्यांचा हट्ट. तसं नाही. ते 'पैसा', 'बैल' म्हणतात तेव्हा त्यांचं तोंड इंग्रजी 'ॲ'च्या शेजारीच उघडतं. त्यामुळे इंग्रजांचा पाहुणा त्यांच्या 'ऐ'त आयता मावला. आपला 'ऐ' म्हणजे 'अइ'. आपण 'बैंक' वाचलं तर 'बइंक' होईल, आणि असल्या ठिकाणी मुदत ठेव कोण ठेवील? उलट हिंदीत चंद्रबिंदू म्हणजे नाकातला उच्चार, 'चाँद'मधला. म्हणजे हिंदी भाषक आपली पाटी वाचतो तेव्हा आमची बँक बिचारी नाकात बोलते.

एकोणिसाव्या शतकात मराठीनं या पाहुण्यासाठी 'य'ला जुंपलं होतं. जुन्या पुस्तकांत 'ब्यांक', 'म्यानेजर', 'म्याजिस्ट्रेट' अशी मंडळी भेटतात. बंगाली आणि कानडी अजूनही याच वळणानं 'ब्यांक' लिहितात. मराठीनं मात्र पुढे अक्षरावर कोर काढली आणि 'य'ला सेवानिवृत्त केलं.

भानगड झाली शब्दाच्या आरंभी. कोर ठेवायची कुणाच्या डोक्यावर? 'ए'वर ठेवली की 'ऍ', 'अ'वर ठेवली की 'ॲ'. मराठीनं 'अ' निवडला. सावरकरांनी लिपिशुद्धीत 'अ'ची बाराखडीच मांडली होती: अि, अी, अु, अू, अे. आ, ओ, औ हे 'अ'च्या घरात राहतात, मग इ, उ, ए यांनी वेगळी बिऱ्हाडं का थाटावीत? हिशेब बिनचूक होता, पण ती बाराखडी रुळली नाही. गुजरातीत 'ए'सुद्धा 'अ'वर मात्रा देऊनच लिहितात, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच पडला नाही. तेवढ्यापुरते व्यवहारी तेच.

मग संगणक आला. सगळ्या लिप्यांना क्रमांक वाटणाऱ्या युनिकोडमध्ये 'ऍ'ला 1991 पासून जागा होती. आपल्या 'ॲ'ला ती मिळाली 2008 साली. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्वर म्हणून बसवलं. तोवर लोक 'अ' काढून त्यावर सुटी कोर टेकवत. डोळ्याला दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी हे दोघं एकमेकांचे कुणीच नव्हेत.

आमच्या सोनिवलीतल्या एका काकूंना याचा प्रसाद मिळाला. नवरा गेला, पतपेढीत ठेव होती, नाव 'ॲ'नं सुरू होणारं. पावतीवर जुनी सुटी कोर, नव्या नोंदीत जोडलेली. यंत्र म्हणालं, "असा खातेदार नाही." ज्या माणसाबरोबर काकूंनी छत्तीस वर्षं संसार केला, तो नव्हताच म्हणे! काकू तीन हेलपाटे घालून आल्या. शेवटी एका जुन्या कारकुनानं यंत्र बाजूला सारून खातेवहीत बोट फिरवलं आणि गृहस्थ सापडले. काकू तिथंच रडल्या.

हीच कोर परदेशातही हिंडते. रुमानियात आणि व्हिएतनाममध्ये ती रोमन 'ए'च्या डोक्यावर बसते. एकीकडे उच्चार आपल्या 'अ'जवळचा, दुसरीकडे आखूड 'आ'. दोन्ही मुळाक्षरांत तिचा नंबर दुसरा. आपण तिला देवनागरी 'ए'च्या मागे उभं केलंय. उशिरा आलेल्यानं रांगेत मागेच उभं राहावं, हा आमच्या काउंटरचाही नियम आहे. फक्त एक करावं: नंबर आल्यावर तिला ओळखावं.