बांधावरचे गवत आणि माझी एक चूक

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता तोही पन्नाशीला टेकला आहे, शेतकी खात्यात नोकरीला आहे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. कुंपणाच्या कडेला माजलेल्या गाजर गवताकडे बघत तो म्हणाला, "सर, नववीत तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, हे गवत अमेरिकेच्या पी. एल. ४८० च्या गव्हातून आलं. आठवतं?"

मी म्हटले, "आठवतं की. दर वर्षी सांगायचो."

"मग सर, तो करार कधी झाला?"

इतिहासाच्या मास्तराला सनावळी विचारली की त्याला चेव येतो. मी लगेच सांगितले. अमेरिकेतला कायदा १० जुलै १९५४ चा, आपल्या सरकारशी त्याखालचा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा.

"आणि पुण्यात हे गवत पहिल्यांदा कधी दिसलं?"

तेही मला ठाऊक होते. १९५५. सांगून झाल्यावर मी गप्पच झालो. तोही काही बोलला नाही. गुरुजनांना लाजवू नये एवढे संस्कार आम्ही त्याच्यावर केले होते म्हणायचे! मंडळी, हे दोन्ही सन माझ्या डोक्यात तीस-पस्तीस वर्षे शेजारी शेजारी पडून होते. पण ते एकमेकांसमोर मांडून पाहावेत असे मला कधी वाटले नाही. ज्या करारातून गहू आला, त्याच्या आधीच गवत उगवले होते.

कोणी म्हणेल, एका रानगवताचे एवढे काय घेऊन बसलात? पण या गवताचा आणि आमच्या घराचा जुना संबंध आहे, तो आधी सांगतो.

आमचे गाव शिरूर तालुक्यात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. थोडी जिरायती जमीन, एक विहीर, दोन बैल. १९७२ चा दुष्काळ सरला, पुढच्या पावसाळ्यांत पाणी बरे झाले आणि बांधावर, गायरानात, रस्त्याच्या कडेला हे पांढऱ्या फुलांचे गवत माजले. आमच्याकडे त्याला चटक चांदणी म्हणत. अण्णा ते हातानेच उपटायचे. १९७४ च्या पावसाळ्यात त्यांच्या हातांना खाज सुटली. मग मान, कोपराच्या खोबणी, डोळ्यांच्या पापण्या. कातडी जाड, काळसर झाली, भेगा पडल्या, त्यातून लस येऊ लागली. चेहरा सुजून ओळखू येईना.

गावात कुजबूज सुरू झाली, रक्तपिती. त्या वेळी हा शब्द ऐकला की माणसे अंग चोरायची. आमच्याकडे चहाला येणारे दारातूनच बोलून जाऊ लागले. धाकट्या बहिणीची सोयरीक जवळजवळ ठरली होती, त्या मंडळींनी निरोपच पाठवला नाही. अण्णांना कोणी काही म्हटले नाही. त्यांनीच आपले ताट-वाटी वेगळी केली आणि ओसरीवर जेवायला बसू लागले. आई आत बसून रडायची. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच शाळेत लागलेला. बी. ए. झालेल्या मुलाला बापाचा आजार कळत नव्हता.

शेवटी त्यांना पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी कातडी पाहिली नाही, आधी विचारले, "काम काय करता? शेतात ते पांढऱ्या फुलांचं गवत आहे का? पावसाळ्यात वाढतं का दुखणं?" मग संवेदना तपासल्या. पाठीवर गवताच्या अर्काची पट्टी चिकटवली आणि दोन दिवसांनी यायला सांगितले. पट्टी काढली तेव्हा तेवढाच चौकोन लालभडक होऊन फुगला होता. डॉक्टर म्हणाले, "हा महारोग नाही. गवताचं वावडं आहे. कोणालाही लागत नाही." अण्णांनी त्यांना एवढेच विचारले, "हे कागदावर लिहून द्याल का? मराठीत." त्यांनी लिहून दिले. तो कागद मी मारुतीच्या देवळात चार माणसांसमोर मोठ्याने वाचला. त्या रात्री अण्णा आत येऊन पंगतीत बसले.

आता इतिहासाकडे वळू. विद्यार्थी गेल्यावर मी जमेल तेवढे वाचून काढले.

या झाडाचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ गाव मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश. आपल्याकडची प्रसिद्ध नोंद १९५६ ची, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव यांनी केलेली. पुण्यात त्याच्याही आधी, १९५१ साली, प्रा. परांजपे यांना उकिरड्यावर याची तुरळक झाडे दिसल्याचा उल्लेख येतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत तर १८८० चा वाळवलेला नमुना असल्याचे सांगतात. म्हणजे पाहुणा जुना असावा, फक्त त्याने हातपाय पसरले ते नंतर.

मग गव्हाची गोष्ट साफ खोटी का? तसेही म्हणवत नाही. पी. एल. ४८० च्या आधीही अमेरिकेचे धान्य इथे येत होते. १९५१ साली तिथल्या काँग्रेसने खास कायदा करून भारताला वीस लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. धान्याच्या पोत्यांतून बी आले असेल, पुढेही येत राहिले असेल. पण 'अमुक करारातून आले' असे फळ्यावर लिहायला जेवढा पुरावा लागतो तेवढा माझ्याकडे कधीच नव्हता. आमच्या गावातले म्हातारे तर शपथेवर सांगतात की हे बहात्तरच्या मिलोबरोबर आले. त्यांचाही दोष नाही. रेशनची ती तांबडी मिलो खाल्ल्याचा अपमान आणि हे गवत, दोन्ही एकदमच डोळ्यांत भरले. मनाने त्यांची गाठ मारली. नावाचेही तसेच. काँग्रेस गवत का, तर कोणी म्हणते फुले गांधीटोपीसारखी पांढरी म्हणून, कोणी म्हणते अमेरिकेच्या काँग्रेसमुळे. लोकांना गवतापेक्षा कोणावर तरी राग काढायचा होता, असे मला आता वाटते. मीही वर्गात तेच केले. अण्णांच्या दुखण्याला मला एक गुन्हेगार हवा होता आणि तो परदेशी असला तर बरेच!

राग न काढता ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांच्या हातून मात्र काही काम झाले. १९६२ साली अमेरिकेत वर्नर हर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडातल्या पार्थेनिन नावाच्या कडू द्रव्याची रासायनिक रचना उलगडली. त्यांच्यासमोर कोणी रोगी नव्हता, तो निव्वळ रसायनशास्त्राचा प्रश्न होता. इकडे पुण्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे शेतकरी येत होते. त्यांतले डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ साली या गवताच्या त्वचादाहावर निबंध प्रसिद्ध केला. (आम्हाला भेटलेले डॉक्टर दुसरे.) झाडाच्या बारीक केसांत हे पार्थेनिन असते. ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते, आणि शरीराची संरक्षक फौज आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यानेही येते, म्हणून हात न लावता पापण्या सुजतात. फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेतले काम आणि पुण्याच्या दवाखान्यातले काम जुळले, तेव्हा ओसरीवर जेवणाऱ्या माणसाला घरात घेता आले. उपयोजित संशोधन म्हणतात ते हेच असावे.

दुसरा प्रश्न गवताचाच. एक झाड पंधरा-वीस हजार बिया टाकते, उपटून किती उपटणार? औषध मारायचे तर गायरानाला आणि रेल्वेच्या कडेला कोण मारणार? तेव्हा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या मंडळींनी जुन्या वाटेने जायचे ठरवले. ज्या देशातले झाड, त्याच देशातला त्याचा वैरी शोधायचा.

ही वाट आपल्याकडे अपघाताने सापडलेली आहे. १७९५ साली तांबडा रंग करण्यासाठी म्हणून ब्राझीलहून एक कीटक कलकत्त्याला आणला. तो रंगाचा नव्हेच, दुसराच निघाला, पण त्याने तिथला निवडुंग खाऊन फस्त केला. पुढे १९२६ साली दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी त्याचा एक भाऊबंद श्रीलंकेहून मुद्दाम दक्षिण भारतात आणण्यात आला. माझी आजी सांगायची, एके काळी गावाला फड्या निवडुंगाचा वेढा असायचा, मग त्याला पांढरा कापूस धरला आणि तो बसत गेला. तो 'कापूस' म्हणजे हे किडे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

तर १९८३ मध्ये के. पी. जयंत यांनी मेक्सिकोहून एक भुंगेरा आणला, झायगोग्रामा बायकोलोराटा. तुरीच्या दाण्याएवढा, पिवळट पांढरा, पाठीवर गडद तपकिरी रेघा. तो आणि त्याच्या अळ्या दोघेही गाजर गवताची पाने खातात. उन्हाळ्यात तो जमिनीत दडी मारतो, पहिल्या पावसाबरोबर वर येतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तो १९८० मध्येच सोडला होता. आपल्याकडे आधी बंदिस्त जागेत आपल्या पिकांवर त्याची परीक्षा घेतली आणि १९८४ मध्ये बंगळूरला मोकळ्यावर सोडला. काही वर्षांत त्याने तिथले गवत खाऊन दाखवले.

आणि मग त्याच्यावरही आळ आला. १९९० नंतर बातम्या येऊ लागल्या की भुंगेरा कर्नाटकात सूर्यफूल खातो. सरकारने चौकशी समिती नेमली, भुंगेरे सोडणे थांबले. शेतकऱ्याची भीती खोटी नव्हती, पाने कुरतडलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. पण संशोधकांनी पुन्हा तपास केला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात, त्यांच्या वासाने फसून भुंगेरा तिथे तोंड घालतो. पुढे काही वर्षांनी बंदी उठली. आता जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून हे भुंगेरे मिळतात आणि दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा या गवताबद्दलच्या जागृतीसाठी पाळतात.

हे वाचताना मला अण्णा आठवले. पुण्याच्या डॉक्टरांनी जे केले तेच इथे भुंगेऱ्याच्या बाबतीत झाले. दिसते ते खरे मानले, पण त्यावरून निघालेला निकाल लगेच मान्य केला नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यानेच सांगितली. हेच पार्थेनिन कर्करोगाच्या पेशींवर चालते का, हेही शास्त्रज्ञ पाहत आहेत. कॅनडात १९८२ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जम्मूच्या संस्थेत त्यात फेरफार करून नवी द्रव्ये तयार करण्याचे काम झाले. प्रथिनांना चिकटण्याच्या ज्या गुणामुळे ते कातडीला छळते, तोच गुण इथे कामाला लावायचा. अडचण अशी की ते निरोगी पेशींनाही सोडत नाही. माणसासाठी औषध काही अजून झालेले नाही. म्हणून कोणी गाजर गवताचा काढा वगैरे सांगितला तर कृपा करून पिऊ नका.

भुंगेऱ्यानेही गवत संपले नाही, हेही सांगितले पाहिजे. पाऊस लांबला की तो उशिरा जागा होतो आणि तोवर गवत फुलावर येते. तेव्हा फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हाच घरगुती उपाय. अण्णांचे दुखणे पुरते कधीच गेले नाही. ते गेले तोवर दर पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला उपरणे बांधून शेतात जायचे. पण बहिणीचे लग्न झाले, दुसऱ्या आणि चांगल्या घरी. तो मराठीत लिहिलेला कागद घडीवर विरला आहे, तरी माझ्या कपाटात आहे.

असो. लिहायला बसलो ते एका दुरुस्तीसाठी. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर नववीच्या वहीत एवढी खाडाखोड करावी: 'पी. एल. ४८० च्या गव्हातून आले' याच्या जागी 'कसे आले ते नक्की नाही. करारापूर्वीच पुण्यात होते' असे लिहावे. परीक्षेत कोणी विचारणार नाही, तरी लिहावे.