कामात समाधान नेमकं कशामुळे मिळतं? आष्टीच्या अविनाश साबळेपासून ऊसतोडीच्या फडापर्यंत

'आवडीचं काम करा, सुखी व्हाल' असे रील्स रोज दिसतात. पण अर्थपूर्ण काम म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या एमी रेझनेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांच्या मते माणूस कामाकडे तीन नजरांनी पाहतो. काहींसाठी काम म्हणजे फक्त पगार. काहींसाठी बढती आणि प्रतिष्ठा. तिसऱ्यांसाठी ते काम हाच ध्यास असतो. गंमत म्हणजे एकाच प्रकारचं काम करणारे कार्यालयीन सहायकही या तीन गटांत जवळपास सारखे विभागले गेले. म्हणजे कामाचं नाव काय, यावरच सगळं ठरत नाही.

पुढे २००१ साली रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण मांडलं. काही जण नेमून दिलेली झाडलोट करून मोकळे होत. काही मात्र रुग्णांशी दोन शब्द बोलत, वाट चुकलेल्या नातेवाइकांना रस्ता दाखवत. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांच्या दृष्टीने आपणही रुग्ण बरा करणाऱ्यांपैकीच होतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ यामागे तीन गरजा सांगतात: थोडंफार स्वतः ठरवता येणं, हातात कौशल्य वाढत असल्याचं जाणवणं आणि आपली माणसं सोबत असणं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, मांडवा गावी १९९४ साली जन्मलेल्या अविनाश साबळेच्या वाटचालीत या तिन्ही गोष्टी दिसतात. घरची गरिबी. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडी नाही, त्यामुळे कधी चालत, कधी पळत जायचं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. स्पर्धेत धावणं सुरू झालं ते २०१५ मध्ये, सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून. म्हणजे ध्यास आधी सापडला आणि मग नोकरी मिळाली, असं झालंच नाही. नोकरीच्या आतच तो सापडला.

राष्ट्रीय शिबिरातल्या परदेशी प्रशिक्षकांच्या दिनक्रमाशी त्याचं जुळेना, म्हणून २०१८ मध्ये तो सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे परतला. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं, रौप्य मिळालं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण आलं. या शर्यतीत ते जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष.

पण या गोष्टीवरून 'मनापासून करा, सगळं जमतं' असा निष्कर्ष काढायची घाई नको. बीडमधूनच दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती टनामागच्या मजुरीतून फेडायची. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. बाईच्या वाट्याला पहाटेचा स्वयंपाक, दिवसभर फड आणि डोक्यावर मोळ्या. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा इतकी गंभीर झाली, की २०१९ साली राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली.

इथे कौशल्याची कमतरता नाही. सपासप तोडून, साळून, मोळी बांधणं येरागबाळ्याचं काम नव्हे. सोबतीला टोळीही असते. नसतं ते ठरवण्याचं स्वातंत्र्य, कारण उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. अशा माणसाला 'कामात आनंद शोध' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याच्यासाठी आधी मजुरीचा दर, दवाखाना आणि कर्जातून सुटका हे प्रश्न येतात.

मुलांचं काय, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. आईबाप फडावर गेले की शाळा अर्ध्यावर सुटते, आणि मोठेपणी त्याच मुलांच्या हातात कोयता येतो. म्हणूनच ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. आईबाप कारखान्यावर असताना मुलांना आपल्याच भागात राहून शाळा शिकता यावी, हा तिचा हेतू आहे.