गिब्सनसाहेब आणि वलगणीचे मासे

१८४७ साली मुंबई सरकारने जंगले राखण्यास जो साहेब नेमला, तो धंद्याने डॉक्टर होता. अलेक्झांडर गिब्सन त्याचे नाव. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा तो अधीक्षक. झाडे गेली की झरे आटतात, हे कोकण पाहून त्याने सरकारच्या कानी घातले. सरकारने ऐकले; जहाजांच्या सागाची निकडही होतीच म्हणा! शास्त्र आणि सत्ता यांची गाठ अशी पडली. ज्याच्या परसात ते रान, त्याला मात्र कोणी विचारले नाही. पुढे कायदे कडक होत गेले, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी, आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळ्या झडल्या.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती व नोंदवही आणली, ती या राहून गेलेल्या माणसासाठी. नागोठणे-कोलाड रस्त्यावरील खांबसारख्या गावी त्या वहीत साग किती, हे कोणीही मोजून लिहील. पहिल्या पावसात वलगणीचे मासे कोणत्या ओढ्याने चढत, कवळीची भाजी पूर्वी कोठे मिळे, हे मात्र बांधावरच्या म्हातारीला आणि वाडीवरच्या कातकरीदादालाच विचारावे लागेल.