आधी वही, मग दिवाणगिरी

राजा सर टी. माधवराव हे कुंभकोणम्‌चे, तंजावरी मराठी कुळातले. १८४७ साली ते मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरीस लागले. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि पुढे महसुली कामे सांभाळीत १८५७ साली तेथील दिवाणपदी पोहोचले. संस्थानचे जुने कर्ज त्यांनी फेडले. नंतर इंदूर आणि १८७५ मध्ये उधळपट्टीने खंगलेले बडोदे. तेथेही त्यांनी जमाखर्चाची घडी बसविली.

आम्ही मात्र सरकारी सेवेत ज्येष्ठता यादीतील आपला क्रमांक मोजत राहिलो आणि त्यालाच नियोजन समजलो. निवृत्तीनंतर उमगते, की बढती यादीने मिळते. पात्रता वहीतूनच मिळवावी लागते. वित्तसेवेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढे तरी सांगावे.