समुद्रापासून दूरचे वादळ

परभणी जिल्ह्यास समुद्र नाही. जिंतूरच्या डोंगरकडेवरून दृष्टी टाकली तर काळी जमीन, कापूस, ज्वारी, सोयाबीन आणि नदीकाठची विरळ झाडी एवढेच दिसते. चक्रीवादळ म्हटले की येथील मनुष्यास अलिबाग, रत्नागिरी, फार तर ओरिसाचा किनारा आठवेल. आपल्या तालुक्याचे नाव त्यास सुचणार नाही. तथापि बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या वादळांचा या मुलखाशी संबंध जुना आहे. वादळ येथवर पोहोचते तेव्हा त्याच्यातील वारा मेलेला असतो. उरते ते पाणी. किनाऱ्यावर छपरे उडतात, येथे नद्या फुगतात. वादळाचे हे दुसरे रूप ओळखून त्याची आगाऊ तजवीज करण्यास राज्यकर्त्यांना किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभी वादळाची भीती होती ती जहाजांना. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या एका गृहस्थाने खलाशांसाठी लिहिताना तो १८४० नंतरच्या दशकात रूढ केला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्त्याची दाणादाण उडविली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले. इशारा बंदरांसाठी होता. शेकडो मैल आत वसलेल्या शेतकऱ्यास त्याची गरज असेल, असे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नसावे.

ते ध्यानी आणून दिले मुसी नदीने. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यातील एक जिल्हा होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, मुसीला महापूर आला आणि सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, असा अंदाज केला जातो. पाऊस चक्रीय वादळाचा होता. पुढील वर्षी मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांस चौकशीसाठी बोलावण्यात आले. नदीच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक लहानमोठे तलाव फुटल्याचे त्यांस आढळले. एका तलावाचे पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर, असे कोसळत ते शहरावर आले होते. शहराचे रक्षण शहरात होत नाही, ते नदीच्या वरच्या अंगास करावे लागते, हा त्यांच्या योजनेचा मथितार्थ. त्यानुसार १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. एका संकटातून एवढी नेमकी शिकवण घेऊन ती दगडचुन्यात उतरविल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत, आणि त्याचे श्रेय त्या राजवटीस दिलेच पाहिजे.

परंतु राजधानीस जलाशय मिळाले, तरी दूरच्या गोदाकाठी दवंडीवरच भागवावे लागले. पाटलाने कोतवालास सांगावे, कोतवालाने डफ वाजवीत गल्लीबोळांतून फिरावे, आणि ज्याच्या कानी पडेल त्याने गुरे सोडून उंचावर जावे.

गोदावरीस या भागात कोणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच. संत जनाबाईंच्या गंगाखेडास नाव मिळाले तेही तिच्यावरूनच. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांतून ती जाते. उत्तरेकडून दुधना येऊन पूर्णा नदीस मिळते आणि पूर्णा पुढे गंगेस. संकटाचे मर्म या संगमात आहे. गंगा तुडुंब असली की पूर्णेचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते मागे तुंबते, ओढ्यानाल्यांत उलटे चढते, आणि ज्या गावी दिवसभर पावसाचा थेंब पडला नाही त्या गावचा रस्ता संध्याकाळी पाण्याखाली जातो. आकाशाकडे पाहून या पुराचा अंदाज बांधता येत नाही. तो यावयाचा असतो वरून, दुसऱ्याच जिल्ह्यातून. म्हणून त्याची वर्दीही तेथूनच यावी लागते.

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट अधिकच खरी ठरली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते पैठणच्या धरणाची कोनशिला बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. (धरण पैठणास आणि नाव जायकवाडीचे, कारण मूळ बेत बीड जिल्ह्यातील त्या खेड्याजवळचा होता.) पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर, सिंदफणेवर माजलगाव अशी धरणे झाली. शेतीस पाणी मिळाले, दुष्काळाची धार बोथटली. पण त्याबरोबर पुराचा स्वभावही पालटला. पूर्वी तो केवळ दैवाधीन होता, आता त्याच्या वाटेत सत्तावीस दरवाजे आणि ते उघडणारा एक अधिकारी आला.

त्या अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली पाहिजे. मराठवाड्यास मुख्य भय अवर्षणाचे. म्हणून सप्टेंबर सरता सरता जलाशय काठोकाठ भरलेला असावा, अशी सर्वांची इच्छा. रिकामे धरण ठेवणाऱ्यास कोण क्षमा करील? आणि उपसागरातील वादळाचे पाणी कधी कधी येते ते नेमके याच सुमारास. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते सांडणारच. प्रश्न उरतो तो एवढाच, की सांडण्यापूर्वी खालच्यांस किती तास आधी कळविले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांचे आपत्तिनिवारणाचे आराखडे तयार करण्यास घेतले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्यास पक्के अधिष्ठान दिले. प्रत्येक जिल्ह्यास एक प्राधिकरण. अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि त्यांच्या जोडीस सहअध्यक्ष म्हणून लोकांनी निवडलेला प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. ही दुसरी खुर्ची महत्त्वाची आहे. नकाशा कचेरीस ठाऊक असतो. परंतु कोणत्या वस्तीकडे जाणारा ओढा पहिल्यांदा भरतो, कोणती म्हातारी घर सोडणार नाही, हे गावासच ठाऊक असते. पावसाळ्याच्या तोंडावर बैठक घ्यावी, नदीकाठच्या गावांची व पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी करावी, बोटी तपासाव्या, ही रीत पुढे रुळली. कायद्यास वर्षही उलटले नव्हते, तोच ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख घनफूट पाणी दर सेकंदास सोडावे लागले, आणि पैठणापासून नांदेडापर्यंत गंगाकाठ जलमय झाला.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तेथील हजारो लोकांस आधीच हलविण्यात आले होते. वाऱ्याचे वादळ वार आणि वेळ सांगून येते. परभणीची गोष्ट निराळी. २६ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘गुलाब’ वादळ आंध्रात कलिंगपट्टणजवळ किनारा ओलांडून आत शिरले. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ते तेथे संपले होते. परंतु त्याचे उरलेले अंग तेलंगणावरून मराठवाड्यावर आले आणि २७ व २८ तारखांस असे कोसळले, की मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. माजलगाव व जायकवाडी येथूनही पाणी सोडणे भाग पडले. मुसीच्या पुरास त्या दिवशी बरोबर एकशे तेरा वर्षे झाली होती.

दवंडीची जागा आता भ्रमणध्वनीने आणि देवळा-मशिदीवरील ध्वनिक्षेपकाने घेतली आहे. तरीही रात्री दोन वाजता सोडलेल्या पाण्याची वर्दी शेतातील आखाड्यावर निजलेल्या सालगड्यापर्यंत जाते की नाही, हा जुनाच प्रश्न आहे. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो. त्यात किती क्षेत्र बुडाले, किती जनावरे गेली हे लिहिले जाते. इशारा केव्हा मिळाला, हे मात्र त्यात कोणी विचारीत नाही.

‘गुलाब’चे तेच अंग पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले, ‘शाहीन’ असे नवे नाव धारण करून ३ ऑक्टोबर रोजी ओमानच्या किनाऱ्यास जाऊन भिडले. इकडे गंगाकाठी तलाठी चिखल तुडवीत सडलेल्या सोयाबीनचे पंचनामे करीत होते.